लेवीयाच्या पुस्तकातला बाप

आमचा मुलगा चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर गेला. त्याची मोटरसायकल आणि समोरून आलेला ट्रक, एवढंच. दसरा तोंडावर आला होता. अमरावतीच्या कडेला आमचं शेत आहे, त्यात झेंडू फुलून उभा होता. अस्थी गोळा करून आल्यावर माझ्या नवऱ्यानं टोपलं उचललं आणि तो झेंडू तोडायला गेला. तो रडला नव्हता. काही बोललाही नव्हता. "दगड हाय मानूस," असं आलेल्या बायका माझ्यासमोरच म्हणाल्या.

मी रडले, पण थोडेच दिवस. मग माझंही आटलं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. स्वयंपाक होत होता, कपडे धुऊन होत होते. घरात आम्ही दोघंच होतो, आणि भाजीत मीठ आहे की नाही हेही कुणी कुणाला सांगत नव्हतं.

थंडीत एका दुपारी मागच्या गल्लीतल्या सिस्टर काठी टेकत आल्या. अकोल्याच्या एका दवाखान्यात त्यांनी उभा जन्म नर्स म्हणून काढला. रिटायर होऊन अमरावतीला आल्या, पण नाव सिस्टरच राहिलं. ख्रिस्ती बाई, ऐंशीच्या घरातल्या, घरात एकट्या; मुलगी अकोल्याला. डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं.

"दुपारची काय करतं तू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मंग माह्याकडे येत जाय. तू बीए झाली म्हणतात. मले बायबल वाचून दाखव, अगदी पयल्या पानापासून. डोळे गेले माहे."

नाही म्हणायलाही जोर लागतो. तो नव्हता, म्हणून मी जाऊ लागले. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आता धर्म बदलवतं का काय?" मी ते सिस्टरांना सांगितलं, तर त्या खूप दिवसांनी कुणी हसावं तशा हसल्या. "मले वाचणारी पायजे बाप्पा. बाकी तुह्या घरचे देव तुह्या घरी सुखात राहू दे."

बायबलातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, तिथून सुरुवात झाली. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात त्या आवाजात मी वाचायची. जग झालं, बुडालं, पुन्हा वसलं. भावानं भावाला मारलं. म्हातारा बाप देवाच्या सांगण्यावरून पोराला कापायला डोंगरावर घेऊन निघाला, तिथं सिस्टरांनी पानावर हात ठेवला.

"हे राहू दे. मले पाठ हाय."

"वाचते. मला काही होत नाही."

आणि खरंच काही झालं नाही. सुरी उगारली गेली, पोरगं वाचलं, झुडपात मेंढा सापडला. मला एवढंच वाटलं, की त्या दिवशी त्याची आई कुठं होती? तिला कुणी काही विचारल्याचं पुस्तकात नाही. तिनंच बहुतेक दोघांची शिदोरी बांधून दिली असेल.

दुसरं पुस्तक निर्गम संपल्यावर तिसरं, लेवीय आलं. सिस्टर म्हणाल्या, इथं आल्यावर चांगले चांगले लोक पानं उलटतात. मला मात्र तेच पुस्तक बरं वाटलं. चरबी कुठली जाळायची, अंगावरचा डाग कसा तपासायचा, भिंतीला बुरशी आली तर कोणता दगड काढून गावाबाहेर टाकायचा, असं सगळं. त्यात कुणी माझी चौकशी करत नव्हतं. दुपारच्या दुपारी निघून जायच्या.

आणि त्यातच तो बाप आला. देवाचा पहिला मोठा याजक, म्हणजे आपल्याकडचा मुख्य पुजारी म्हणा. त्याच्या दोन पोरांनी धुपाटण्यात नको तो विस्तव घातला. देवापासून आग निघाली आणि दोघंही जागच्या जागी जळून गेले. बापाच्या भावानं त्याला देवाचं म्हणणं ऐकवलं. बाप गप्प राहिला. वर त्याला सांगण्यात आलं की केस मोकळे सोडायचे नाहीत, कपडे फाडायचे नाहीत, सेवा सोडून जायचं नाही.

मी थांबले.

"काहून थांबली?"

"तो रडला नाही, सिस्टर."

"नाई रडला. पुढं वाच. जेवनाचं हाय."

पुढं असं होतं, की त्याच दिवशी बळीचं मांस त्यानं खायचं होतं आणि ते खाल्लं गेलं नाही. भाऊ रागावला. तेव्हा बाप पहिल्यांदा बोलला. आज माझ्यावर हे गुदरलं, आज मी खाल्लं असतं तर ते देवाला बरं वाटलं असतं का, अशा अर्थाचं. भावानं ऐकलं, आणि त्याला ते पटलं.

"दवाखान्यात मी लय बाप पायले," सिस्टर म्हणाल्या. "माय रडे. बाप विचारे, कागदावर सही कुठी करू? मले वाटे, काय मानसं हायेत. मंग या पानावर आली एक दिवस."

मी घरी आले. नवरा ओसरीवर बसून सुतळी गुंडाळत होता. त्याला काही सांगावं असं वाटलं नाही. चहा करून दिला आणि शेजारी बसले. तो सुतळी गुंडाळत राहिला.

उन्हाळ्यात पातूरला माझ्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. पोरगा गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच कुणाकडे कार्यक्रमाला गेलो. पंगतीत भाऊ पुरणपोळी घेऊन नवऱ्यासमोर उभा राहिला. नवरा ताटावर हात धरून बसला होता. पोळी हा मुलाचा जीव की प्राण होता, आणि त्याच्यामागे आमच्या घरी पुरण शिजलं नव्हतं.

"जावईबुवा, एक तरी घ्याच. पोरीचं शुभकार्य हाय. असं किती दिवस करान?"

नवऱ्यानं ताटावरचा हात काढला नाही. एरवी मीही म्हटलं असतं, घ्या हो, चारचौघांत बरं दिसत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "दादा, राहू दे. त्यांनी आज गोड खाल्लं तर ते देवाला तरी बरं वाटेल का?"

भावानं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "बरं," म्हणाला, आणि भात वाढायला पुढच्याला हाक मारली. वाईट कुणालाच वाटलं नाही. परतीच्या एसटीत नवरा म्हणाला, "मले त्याचा आवाजच आठवत नाई आता." पोरगा गेल्यापासून त्याच्याबद्दल त्यानं बोललेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "मला आठवतो." मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

पावसाळ्यात सिस्टरांची मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. मी महिन्यातून एखादी चक्कर मारते. चौथं पुस्तक गणना संपवून आम्ही पाचव्याला, अनुवादाला लागलो आहोत, आणि सिस्टरांना आता ऐकताना झोप लागते. तरी मी आवाज न उतरवता वाचत राहते. मध्येच त्या डोळे न उघडता म्हणतात, "आयकून राहिली मी," आणि मी पान उलटते.