मुक्तिदिनाची दोरी

आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी केजच्या तहसील कचेरीत शिपाई झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या भरत होता. त्या उग्र, ओलसर वासाने वीसेक वर्षांपूर्वीची दिंद्रुडजवळच्या एका गावात मी पाहिलेली अशीच सकाळ आठवली.

बौद्ध वस्तीतल्या शेतमजूर कौसाबाई तिथे नुकत्याच सरपंच झाल्या होत्या. झेंडा त्यांनीच फडकवायचा होता. पण खांबाची दोरी माजी सरपंच असलेल्या पाटलांनी आधीच धरून ठेवली होती.

"कौसे, तू नारळ फोड," ते म्हणाले. "निजामाच्या काळापासून गावातला पहिला मान आमच्या घराचा हाय."

"निजाम गेला म्हणून तर झेंडा लावायलो, पाटील," कौसाबाई म्हणाल्या. "मग त्याच्या काळचा मान कावून ठिवलाव?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाटील हलले नाहीत. कौसाबाईंनी त्यांच्या मुठीच्या वर दोरी धरली आणि एकच हिसका दिला. झेंडा उलगडला, पाकळ्या दोघांच्याही डोक्यावर पडल्या. पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. सावधान उभं राहायला पाटलांना दोरी सोडावी लागली.

तेव्हा तो प्रसंग गमतीचा वाटला होता. निजामाचं राज्य अठ्ठेचाळीस साली गेलं, असं इतिहास सांगतो. त्या गावातून ते त्या सकाळी गेलं.