एर्मिनियामावशीच्या कानातला लाल दोरा

एर्मिनियामावशीशी बोलायचं तर तिच्या उजव्या हाताला बसायचं, हे आमच्या डोंगरावरच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. डाव्या बाजूला कुणी बसत नाही.

गावातल्या प्रत्येक मुलीचे कान तिनंच टोचले. पाळीमागे बटाट्याची चकती धरायची, सुईला ऑलिव्हचं तेल लावायचं, आणि पोर रडायच्या आत काम आटोपलेलं. बाई गेली की तिचे कान मोकळे करणारीही तीच. सोनं सुनेला जातं, किंवा लेकीला. पण चर्चची घंटा वाजायच्या आत दोन्ही भोकांत लाल दोरा ओवावा लागतो. भोक रिकामं राहिलं तर कान सोन्याची वाट बघत बसतो, असं आमच्याकडे मानतात.

माझी सासू लुक्रेत्सिया फेब्रुवारीत गेली. तिच्या सोन्याच्या चंद्रकोरी माझ्याकडे आल्या, खाली बारीक दाणे लोंबणाऱ्या. मान हलली की किणकिणायच्या. मला सहावा महिना होता. नवव्या दिवशीच्या प्रार्थनेला मी त्या घातल्या, आणि घरी येईतो माझा डावा कान एकटाच किणकिणायला लागला होता. मी मान हलवत नव्हते.

चार दिवस सोसलं आणि मावशीकडे गेले. ती कणीक तिंबत होती.

"मावशी, सासूबाई बोलतात."

"मग? मेली म्हणून सासूनं गप्प बसावं, असं कुठं लिहिलंय?"

"माझ्याशी नाही बोलत. पोटातल्याशी बोलतात. 'ये गं माझ्या नावाची, इकडे ये.'"

आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव लागतं. मावशीचे हात थांबले.

"काढून ठेव ते सोनं."

"परवाच काढलंय. तरी ऐकू येतं. आणि हाक आली की पोर त्या बाजूला सरकतं. हे बघ." मी तिचा कणकेचा हात पोटावर ठेवला. तिनं तो पटकन मागे घेतला.

"मावशी, दोरा दोन्ही कानांत ओवलास ना?"

तिनं बोटांची कणीक परातीत खरवडली.

"डावी पाळी फाटकी होती तिची," ती म्हणाली. "बकरीनं ओढली होती ना त्या वर्षी. नंतर त्या बाजूची चंद्रकोर रिबिनीनं कानावरून अडकवून घालायची ती. मी म्हटलं, भोकच नाही तर दोरा कशात ओवू? बांधायला हवा होता गं. नुसता बांधला असता तरी चाललं असतं."

"थडगं उघडूया."

"फादर मला आधी आत घालतील, मग उघडतील." ती हसली नाही. "तिला कान हवाय, पाल्मा. कुणाचा तरी द्यावाच लागेल."

तिनं हात धुतले. नवऱ्यानं घातलेली स्वतःची डाव्या कानातली बाळी काढून ती मिठाच्या वाटीत टाकली, आणि सुईत लाल दोरा ओवून तो स्वतःच्याच त्या भोकातून ओढला. जिवंत बाईच्या कानात तो दोरा मी कधी पाहिला नव्हता. मग ती माझ्या डाव्या कानाशी वाकून, शेजारणीला हाक मारावी तशी म्हणाली, "लुक्रेत्सिया, पोरीला सोड. इकडे बोल. मी आहे ऐकायला."

माझा कान एकदम शांत झाला. मावशीची मान हळूहळू डावीकडे कलली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, कणीक सैल झालीय."

मुलगी मेमध्ये झाली, धडधाकट. मी तिचं नाव सेराफिना ठेवलं आणि कानाला सुई लावू दिली नाही. गाव नावं ठेवतं. "पाल्मा, मुलगा झालाय की काय गं तुला?" पाणवठ्यावर रोज कुणीतरी विचारतं. मी विचारू देते. चंद्रकोरी पेटीच्या तळाशी, चिंध्यांत गुंडाळलेल्या आहेत. पोरीनं त्या कधी पाहिलेल्या नाहीत.

आता ती सहा वर्षांची आहे. काल दुपारी शोधत गेले तर चर्चच्या पायऱ्यांवर मावशी उन्हात डुलकी घेत होती, आणि सेराफिना तिच्या डाव्या बाजूला बसली होती, त्या लाल दोऱ्याला कान लावून. मधूनच मान डोलवत होती.

"सेराफिना, इकडे ये," मी म्हटलं.

"थांब ना, आई. आजीचं संपू दे." मग तिनं दोन बोटांनी स्वतःची डावी पाळी चाचपली. "ती विचारते, चंद्रकोरी चिंध्यांत का गुंडाळल्यास?"