मोकळं राहिलेलं औषध

नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका औषध कंपनीत मला कॉम्प्युटरवर बसवलं होतं. काम काय, तर औषधाच्या रेणूची माहिती भरायची आणि ते रक्तातल्या प्रथिनाला किती चिकटेल याचा अंदाज काढायचा. घरी समजावताना मी एसटीचं सांगायचे. प्रथिन म्हणजे सीटा. सीट मिळालेलं औषध गप बसून राहतं. उभं राहतं तेच अंगात काम करतं, आणि जास्त झालं तर धिंगाणाही तेच घालतं.

माझी ताई पेणला दिलेली. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. भुवईची रेघ एका दमात ओढायची. तेवढा वेळ मालकसुद्धा तोंड उघडत नसे. तिला लहानपणापासून फिट यायच्या, त्याची गोळी चालू होती. पुढे किडनी बिघडली, तोंड सुजलं, लघवीतून प्रथिन जायला लागलं. त्यात तापात एकदा फिट आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर औषध कमी! म्हणजे बाई गोळ्या टाकून देते, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. डोस वाढला, आणि सासू रोज समोर उभी.

"गिळलीस? आ कर. जीभ वर कर गो."

"मी नाय गो टाकत," ताई मला म्हणाली. "देवाशपथ." बोलताना अडखळत होती, भिंत धरून चालत होती, बुबुळं थरथरत होती.

माझं डोकंच फिरलं. आमच्या प्रोग्रॅममधलं रक्त धडधाकट माणसाचं. मी त्यात ताईचं प्रथिन घालून पाहिलं. तिच्या सीटाच निम्म्या! तपासणीत बसलेलं नि उभं असं सगळं औषध एकत्र मोजतात, म्हणून आकडा कमी दिसत होता. उभं औषध तर जुन्या डोसालाच पुरेसं होतं. वाढवल्यावर विषच की ते!

डॉक्टर हसले. "अहो मॅडम, कॉम्प्युटर पेशंट तपासतो का? रिपोर्ट बघा."

भाऊजी म्हणाले, "तू बहिणीची बाजू घेणारच."

बाजू कसली डोंबलाची, तिचा जीव चालला होता! मी भांडले, रडले, कोणी दाद दिली नाही. ती मोरीत कोसळली तेव्हा कुठे मुंबईला नेली. तिथे उभं, म्हणजे मोकळं औषध वेगळं मोजलं आणि डोस उतरवला. जीव वाचला. पण मेंदूला लागायचं ते लागून गेलं होतं, हाताची थरथर राहिली. सासूनं चकार शब्द काढला नाही. त्या बाईचा राग मला अजून येतो.

पुढच्या हंगामात मी कारखान्यात गेले. मालकानं दया म्हणून ताईला उंदीर रंगवायला दिले होते.

"उंदराला नुसता ठिपका लागतो गो," ती म्हणाली. "तो पण माझ्याच्यानं धड बसत नाय."

तिनं ब्रश खाली ठेवला, हात पदरात घेतला.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचार ना, हात कधी बरा व्हईल."

"विचारते," मी म्हटलं.