जत्रेतल्या शेळीचे दात

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडात सरकारी सुट्टी असते आणि आमच्या भागात त्या दिवशी गावोगावी जत्रा भरतात. अण्णांना घेऊन त्यातल्या दोन करायच्या, हे मी आठवडाभर आधीच फोनमधल्या यादीत टाकलं होतं. सकाळी चर्चच्या पटांगणातली, दुपारी जनावरांची. खाली छत्री, घडीची खुर्ची, दशम्या, बीपीची गोळी. आणि शेवटची ओळ, 'तिकीट पुढं ढकलायचं विचारणे.'

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या गावाहून, बेंबळीहून, तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यापासून तिकडं घरात ते एकटेच. आणखी तीन महिने तरी त्यांनी राहावं, त्यांना इथलं आवडावं, मग पुढचं पुढं, असा माझा बेत होता. परतीचं विमान बारा दिवसांवर आलं होतं.

गाडीत बसताबसताच त्यांनी विचारलं, "आज कशाची सुट्टी?"

"कशाची नाही. बँका बंद, म्हणून सगळंच बंद."

"देव न्हाय, सण न्हाय, अन् जत्रा?" एवढं बोलून ते माझ्याकडं बघत राहिले.

चर्चच्या पटांगणात दोन बायकांनी हसून नमस्कार केला. एकीनं केकचा तुकडा दिला. अण्णांनी तो हुंगला आणि माझ्या हातात ठेवला.

"ही माणसं रोज अशीच बोलत्यात, का आज सांगून ठिवलंय?"

"मी कुणाला काय सांगणार?"

खरं तर सांगितलं होतं. शेजारचे निवृत्त गृहस्थ अकराला चहाच्या टेबलापाशी सहज भेटल्यासारखे भेटणार होते. अकराला ते हजर झाले, घड्याळ बघून खुर्चीत बसले आणि अण्णांना पावसापाण्याचं विचारू लागले. मी दुभाषी. अण्णांनी सगळी उत्तरं दिली, पण नजर त्या घड्याळावर होती.

दुपारी जनावरांच्या तंबूत मात्र ते खुलले. घरी त्यांच्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. इथल्या एका पांढऱ्या शेळीपुढं ते थांबले. दावणीवर पाटी होती, ती मी वाचून दाखवली. वय दोन वर्षं.

"विचार बरं मालकिणीला, तोंड बघू का म्हणून."

मालकीण हो म्हणाली. अण्णांनी एका हातानं जबडा धरला आणि ओठ वर केला.

"सहा दाती हाय, सहा पक्के दात आलेत. तीन वर्षांची. फसवायलेत."

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. मालकिणीनं पाटी उलटून मागची तारीख पाहिली आणि हसत सुटली. पाटी गेल्या वर्षीची होती, बदलायची राहिली होती. तिनं अण्णांशी हात मिळवला.

मला वाटलं, हीच वेळ. खुर्ची उघडून त्यांना बसवलं आणि तिकिटाचं विचारलं.

"सकाळपासून त्याचीच वाट बघायलोय," ते म्हणाले. "बैल घेताना आपण काय करतो गं, माय?"

"दात बघतो."

"अन् औताला जुंपून बघतो. बाजारात शिंगं रंगवून, तेल लावून उभा केलेला कुठलाबी बैल चांगलाच दिसतो. तुझा मुलूख तू शिंगं रंगवून दावायलीस. त्या घड्याळवाल्याला तूच बोलवलंवतंस न्हवं?"

मी दशम्यांचा डबा काढून त्यांच्यापुढं धरला.

"थंडीत किती वाजता दिवस मावळतो हितं?"

"चारला."

"अन् तू कामावरून येतीस?"

"सहाला."

त्यांनी मान हलवली. "तिकीट हाय तसंच राहू दे. पुढल्या खेपेला थंडीत बोलव, मग बघू."

हा नकार सभ्यपणे दिलेला आहे, अशी शंका मला गाडीपर्यंत छळत राहिली. तरी बसल्यावर मी यादीतली शेवटची ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, 'डिसेंबर. लोकरीची बंडी, अण्णांच्या मापाची.'

ते शेजारून वाचत होते.

"बंडी म्या घिऊन यीन," ते म्हणाले. "तू तेवढी चहाला माणसं ठरवू नको."