चौथी जागा

हे मी कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी दुसरंच काहीबाही मागत राहते, हे तोंडावर येऊ देत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ रेटतेय.

आम्ही सिंगापूरला, बिशानमध्ये राहतो. नवरा बँकेत, सारखा दौऱ्यावर. एकुलती एक लेक, मुक्ता. शाळेच्या बँडमध्ये तिला क्लॅरिनेट मिळालं. मागितलं नव्हतं हो तिने, सरांनीच हातात दिलं. आणि पोरगी त्यात अशी काही रमली की जेवायला चार हाका माराव्या लागायच्या.

आता खरं सांगा, आपल्याकडे क्लॅरिनेट म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? वरातच ना? लाल कोट, सोनेरी झालर, घामाघूम झालेला बँडवाला. आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधली बाकीची पोरं पियानो शिकायची, व्हायोलिन शिकायची. एकदा गणपतीच्या जेवणात माझी मैत्रीण मीनल म्हणाली, "मुक्ताच्या लग्नात बँड सांगायला नको गं तुला, नवरीच वाजवेल!" सगळे खो खो हसले. मीही हसले — सगळ्यांत मोठ्यांदा. मुक्ता समोरच बसली होती.

ती ओ लेव्हलला, म्हणजे आपल्या दहावीला होती, त्या वर्षी युनिव्हर्सिटीत परदेशातून एक मोठे क्लॅरिनेटवादक येणार होते. पहिल्या दिवशी त्यांचं वादन. दुसऱ्या दिवशी मास्टरक्लास — निवडक मुलांनी सगळ्यांसमोर वाजवायचं आणि पाहुण्यांनी तिथल्या तिथे शिकवायचं. रेकॉर्डिंग ऐकून चौघांना घेणार होते. मुक्ताने पाठवलं होतं. महिनाभर एकच तुकडा घोटत होती, इतका की शेजारच्या चिनी आजी तो लिफ्टमध्ये गुणगुणायला लागल्या.

परीक्षेमुळे तिचा मोबाइल मी कपाटात ठेवला होता. म्हणून बँडच्या सरांनी मला फोन केला. मी भेंडी चिरत होते. "गुड न्यूज! मुक्ता सिलेक्टेड!" बिचारे किती खूश होते. आणि मी —

थांबा. सांगते. पळत नाही.

नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की परीक्षा होती, ट्यूशन होती, आईला काळजी असतेच. खोटं. साफ खोटं! मला दिसलं ते एवढंच — मुक्ता सगळ्यांना बोलावणार, मीनलपासून झाडून सगळे येणार, आणि भर हॉलमध्ये माझी मुलगी ते बँडवाल्याचं वाद्य फुंकणार. मला लाज वाटली. माझ्याच लेकीची लाज वाटली मला.

मी म्हणाले, "सर, तिलाच नकोय आता. आणि प्लीज तिला काही विचारू नका, आधीच टेन्शनमध्ये आहे."

"यू शुअर आह? शी व्हेरी गुड, यू नो," सर त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले.

"शुअर," मी म्हणाले आणि पुन्हा भेंडी चिरायला घेतली.

संध्याकाळी मुक्ताने विचारलं, सरांचा फोन आला होता का? मी म्हटलं, नाही गं. सरांना वाटलं, हिनेच पाठ फिरवली. ते तिच्याशी तुटक वागू लागले. तिला वाटलं, आपण वाजवतोच वाईट. खरं काय ते फक्त मला ठाऊक.

तरी तिला ऐकायला जायचंच होतं. गेलो. पाहुण्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि — काय सांगू तुम्हाला! कुठली वरात नि कुठलं काय. खालचे सूर असे की जवळच्या माणसाने कानाशी हळू बोलावं. मला रडू फुटलं. शेजारी मुक्ताची बोटं मांडीवर हलत होती.

दुसऱ्या दिवशी ती आपलं क्लॅरिनेट बरोबर घेऊन निघाली. कशाला, ते मी विचारलं नाही. तिघांनी वाजवलं. पाहुणे इतके प्रेमळ, मुलांचं चुकलं तरी स्वतःच हसायचे. मग म्हणाले, चौथा विद्यार्थी येणार नाहीये. मुक्ता माझ्या कानाशी पुटपुटली, "सिलेक्ट होऊन आला नाही? कोण असेल, आई? सो वेस्टेड, लाह. संधी फुकट घालवली."

पाहुण्यांनी हॉलभर नजर फिरवली. वेळ आहे, आणखी कुणाला वाजवायचंय का?

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. हात क्लॅरिनेटच्या पेटीवर. 'जाऊ?' हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. तेव्हा तरी! तेव्हा तरी मी हो म्हणायचं होतं की नाही? पण सर पहिल्या रांगेत होते. ती वर गेली असती तर ते काहीतरी बोलले असते, आणि माझं बिंग फुटलं असतं. आता लाज वाद्याची नव्हती, स्वतःची कातडी वाचवायची होती.

मी मान हलवली. नको.

ती बसून राहिली. दुसरीच एक मुलगी धावत स्टेजवर गेली. मुक्ताने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

परीक्षा झाल्यावर तिने क्लॅरिनेट आतून-बाहेरून पुसून शाळेला परत केलं. मी म्हटलं, आपलं विकत घेऊ या का? "नको आई," ती म्हणाली, "मला माझी लेव्हल कळली." त्यानंतर तिने कुठलंच वाद्य हातात धरलं नाही.

आता ती नोकरी करते. गेल्या दिवाळीत सगळे फराळाला जमले होते. कुणीतरी मुलांना खोटी आशा दाखवण्यावरून बोलत होतं. मुक्ता एकदम म्हणाली, "माझ्या आईने नाही दाखवली. मी सिलेक्ट झाले नाही, तेव्हा तिने उगाच समजूत घातली नाही. दोन्ही दिवस नुसती माझ्या शेजारी येऊन बसली." आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हात टाकला.

मी तिच्या ताटलीत आणखी एक चकली वाढली.