बोकड काढायचा कधी?

मांजरी गावातल्या आमच्या गोठ्यात बोकड फारसे वाढले नाहीत, किस्से मात्र भरपूर वाढले. बोकड निदान कोणीतरी विकत घेतं, किस्से मलाच सांभाळावे लागतात. भागीदार तीन. वारज्याचा आयटीतला देशपांडे, बँकेतून निवृत्त झालेले आपटेकाका, आणि हे दोघं शहाणे आहेत असं समजून आत शिरलेला मी. बोकड विक्रीला तयार झाला की नाही, हे कळणारा माणूस एकच होता आणि तो पगारी होता. सोपानराव. बोकडाच्या कमरेवर हात ठेवून दोन बोटांनी कणा दाबायचे आणि "काढा" किंवा "ऱ्हाऊ द्या" म्हणायचे.

*

देशपांडे पहिल्यांदा बाजारात गेला तो व्हिडिओ बघून, दात पाहायला शिकून. पहिल्या बोकडाचं तोंड उघडलं, नापास. असे अकरा नापास केले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "फसवतायत रे. सगळे म्हातारे आहेत, वरचे पुढचे दात एकालाही नाहीत!"

शेळीच्या जातीला ते नसतातच, हे सोपानरावांनी परतताना टेम्पोत सांगितलं. टेम्पो रिकामाच होता.

*

आपटेकाकांचा भर वजनावर. बोकड कवेत घेऊन बाथरूमच्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचे. एका वर्षी गणपतीनंतर सगळेच बोकड एकदम तीन-तीन किलोंनी वाढले! काका खूश, गिऱ्हाईक बोलावलं. त्यानं एकेकाच्या कमरेवर हात ठेवला आणि चालू लागला. काकांनी वजाबाकीत मोदक धरले नव्हते.

*

एकदा दोघांचं एकमत झालं. एक शेळी अशी काही भरली होती की देशपांडेनं "परफेक्ट कंडिशन" म्हणून तिचा फोटो ग्रुपवर टाकला. उद्याच काढायची ठरली. सोपानराव रजेवर होते. सकाळी गेलो तर गोठ्यात दोन करडं जास्त.

*

एवढं झाल्यावर माणसाला लाज वाटते. देशपांडेनं ॲप काढलं. बोकडावर मोबाईल धरायचा, ॲप बोलून सांगणार. त्याला शिकवायचं सोपानरावांनी. रोज एकेक बोकड चाचपून मोबाईलमध्ये मत द्यायचं. ॲप शिकलं की सोपानरावांची नोकरी संपली, हेही देशपांडेनं तोंडावर सांगितलं. त्यांची मुलगी कॉलेजात होती. मला वाईट वाटलं, पण बोललो नाही. भागीदार ना मी!

सोपानरावांनी दोन महिने निमूटपणे शिकवलं.

दसऱ्याला एक मोठा व्यापारी आला. देशपांडेनं पहिल्या बोकडावर मोबाईल धरला. "अजून पंधरा दिवस," ॲप म्हणालं. दुसऱ्यावर धरला, तेच. चाळीसही बोकडांना तेच.

व्यापाऱ्यानं मोबाईल बाजूला सारला आणि सोपानरावांना पुढं बोलावलं. त्यांनी चाचपून नऊ बोकड काढून दिले, त्यानं ते मुकाट्यानं घेतले.

टेम्पो गेल्यावर सोपानरावांनी हात धुतले आणि देशपांडेसमोर येऊन उभे राहिले. "मंग सायेब, माझं काय ठरलं?"

मोबाईल देशपांडेच्या हातात तसाच, समोर धरलेला.

"अजून पंधरा दिवस," ॲप म्हणालं.