आमच्या घराचा तोडलेला खांब

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत कागदावर पाणी वाचवणारा पहिला माणूस मीच. गोष्ट नव्वदच्या दशकातली. इतकी वर्षं गप्प बसलो; पण आता गुडघे आणि मन दोन्ही एकदमच दुखायला लागलीत, म्हणून सांगून टाकतो.

त्या उन्हाळ्यात सोसायटीची टाकी दुपारीच कोरडी पडायची. म्हणून घरोघर मीटर बसले आणि ठराव झाला: ज्याचा वापर सर्वांत जास्त, त्याचा मागच्या गॅलरीतला नळ बंद. सेक्रेटरी सावंतांनी तक्ता माझ्यावर सोपवला, कारण न्हावा शेव्याच्या ऑफिसात मी नुकताच स्प्रेडशीट शिकलो होतो. (म्हणजे साहेब जेवायला गेले की शिकत होतो.)

आकडे भरले, आलेखात प्रत्येक घराचा एकेक खांब उभा केला. बहुतेक घरं आठ-दहा हजार लिटर. तळमजल्यावरच्या पाटीलमामी बारा. आणि एक खांब सत्तर! बाकीची घरं त्याच्या पायाशी काढून ठेवलेल्या चपलांसारखी दिसत होती. खालचं नाव वाचलं. माझंच होतं.

कारण तिथल्या तिथे कळलं. दोन महिन्यांपूर्वी संडासातली फ्लशची टाकी मी स्वतः दुरुस्त केली होती, सुतळी आणि साबणाच्या डबीचं झाकण लावून. बायको रोज प्लंबर आणायला सांगायची. मी म्हणायचो, वाहत्या पाण्याच्या आवाजाने मन शांत राहतं. आता ही शांतता नोटीस बोर्डावर लागणार होती!

एक खांब फारच उंच असला, तर बाजूची आकड्यांची रेघ मध्येच तोडायची, खांबातही फट ठेवायची आणि वर खरा आकडा ठळक लिहायचा, म्हणजे बाकीचे खांबही नीट दिसतात, असं साहेबांनी शिकवलं होतं. मी रेघ तोडली. फक्त शीटमध्ये सत्तरच्या जागी अकरा भरले, म्हणजे माझा खांब मामींच्या खांबाहून बोटभर बुटका झाला. छापल्यावर त्याच्या पोटातून व्हाइटनरची नागमोडी पट्टी ओढली. सत्तरही लिहिले, पण मुंगीलासुद्धा चष्मा लागेल इतके बारीक.

रविवारच्या सभेत सगळ्यांच्या नजरा सर्वांत उंच खांबावरून पाटीलमामींकडे वळल्या. मामी मोरा बंदराच्या धक्क्यावरून मासळी आणून मागच्या नळावर साफ करायच्या आणि पनवेलच्या बाजारात विकायच्या. नळ गेला की धंदा गेला. सावंत म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी पंख्याची पाती मोजत होतो. (तीन.)

मामींना वाचता येत नव्हतं. त्या उठल्या, तक्त्यापाशी गेल्या, एकेका खांबावरून बोट फिरवत आल्या आणि व्हाइटनरवर थांबल्या.

"भाऊ, यो खांब मधीच फाटलाय कशाला?"

"ती पद्धत आहे मामी. कॉम्प्युटरची."

"आमचं जालं असं फाटलं का आमी समजतो, मोठा मासा तिथनंच गेला."

माझी बायको पुढे झाली, तिने तक्त्याला नाक टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "अहो, हे सत्तर आपलेच का?"

पाच मिनिटांत अख्खी कमिटी आमच्या संडासात उभी होती. सुतळी निवांत खळखळत होती. मी म्हणालो, खांब कॉम्प्युटरने चुकून बुटका काढला. सगळ्यांनी मानलं, कॉम्प्युटरबद्दल तेव्हा लोक काहीही मानत. आज कबूल करतो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मामींनी मात्र मानलं नाही.

"आता न तोडता काढा," एवढंच त्या म्हणाल्या.

मामींचा नळ राहिला, आमचा गेला. आणि मी कागदाला कागद चिकटवत बसलो. तळमजल्याच्या नोटीस बोर्डापासून निघालेला माझा खांब जिन्याच्या भिंतीने चढत चढत पहिल्या मजल्यावर थेट आमच्या दाराशी थांबला. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना वॉचमन खोली नंबर सांगत नसे. म्हणे, "खांब धरून वर जा."